अल्फारेटातला ओसेतियन पुढारी

जगातल्या यच्चयावत गोष्टींवर मनापासून संतापू शकणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो आमच्या शेजारी राहायचा. कॉकेशसच्या डोंगरात, जॉर्जिया नावाच्या देशातून फुटून निघालेला दक्षिण ओसेतिया हा एक चिमुकला प्रदेश आहे. तिथे हे आजोबा मोठे पुढारी होते. लढाईत पळून गेलेल्या जॉर्जियन शेजाऱ्यांना त्यांची घरं परत द्या, असं ते भर सभेत म्हणाले आणि त्यांच्याच माणसांनी त्यांना गद्दार ठरवलं. मग मुलीने त्यांना अमेरिकेत आणलं, तेही नेमकं जॉर्जिया राज्यात, अटलांटाजवळच्या आमच्या अल्फारेटा गावात. "ज्या नावाशी जन्मभर भांडलो, तेच आता माझ्या पत्त्यात," हे ते दर भेटीत असं ऐकवायचे, जणू अटलांटा आम्हीच वसवलं होतं. आमच्या ग्लोबवर ओसेतिया नाही म्हणून त्यांनी तो बॉलपेनने काढला आणि रागाच्या भरात अर्धा तुर्कस्तान व्यापला. अंगणात कपडे वाळत घालायचे नाहीत, असं कॉलनीच्या मीटिंगमध्ये ठरत होतं, तेव्हा उठून त्यांनी चिमुकल्या देशांच्या स्वातंत्र्यावर दणदणीत भाषण ठोकलं. अध्यक्षीणबाईंनी शांतपणे विचारलं, "सर, तुमचा हाउस नंबर काय?" त्यावर ते महिनाभर धुमसत होते. माझी बायको म्हणायची, "आजोबा, चहा तरी घ्या." चहात दूध घालण्याचा ते कडक निषेध करायचे आणि दुसरा कप मागायचे.

दोन हजार आठच्या ऑगस्टमध्ये तिथे युद्ध पेटलं. नागपूरहून आईचा फोन आला, "जॉर्जियात बॉम्ब पडतायत म्हणे, पोरीला शाळेत पाठवू नकोस." तिची समजूत घालून मी वळलो, तर आजोबा दारात उभे. तिकडे राहिलेल्या त्यांच्या धाकट्या भावाचा फोन लागत नव्हता, आणि एकट्याने बातम्या बघवत नव्हत्या. ते आमच्या सोफ्यावर बसून रशियाला, जॉर्जियाला, निवेदकाला शिव्या घालत राहिले. "दोघंही आम्हाला वाचवायला निघालेत," ते म्हणाले. "आम्हाला कोणी विचारलं?" मलाही त्या टीव्हीचा संताप आला.

पुढच्या आठवड्यात ते मुलीबरोबर आले. तिच्या हातातल्या थाळीत चीज भरलेल्या दोन जाड पोळ्या होत्या. "आमच्यात आनंदाला तीन करतात," ती हळूच म्हणाली. "धाकटे काका गेले. म्हणून दोन."

आम्ही जेवायला बसलो. टीव्हीवरच्या निवेदकाने त्यांच्या गावाचं नाव पुन्हा चुकीचं उच्चारलं. मी आशेने आजोबांकडे पाहिलं. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला आणि माझ्या मुलीच्या ताटात ठेवला.