सिनेमा अर्ध्यावर सोडणारे मामा

आमच्या मोठ्या मामांनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट बसून केली असेल, असं मला वाटत नाही. चहा उभ्याने, पेपर चालता चालता. बसची वाट तर त्यांनी कधी पाहिलीच नाही. नल्लकुंट्याच्या थांब्यावर दोन मिनिटं झाली की ते पुढच्या थांब्याकडे निघत आणि बस नेमकी मधेच त्यांना ओलांडून जाई. बाहेरचे पंप स्वस्त मिळू लागले नि त्यांचा पंपांचा कारखाना बंद पडला, तेव्हापासून तर पन्नाशीच्या या ब्रह्मचाऱ्याच्या पायाला भिंगरीच लागली.

एकदा मी त्यांना सिनेमाला नेलं. झोपडपट्टीतल्या एका जोडप्याच्या प्रेमाची गोष्ट होती. शेवट गोड आहे, असं सगळे सांगत होते. पण पडद्यावर झोपडी पाडायला माणसं आली मात्र, मामा उठून बाहेर! मी मागोमाग गेलो, तर ते डोअरकीपरला विचारत होते, "घर बचता क्या उनका?"

"परेशान नक्को हो साब, आखिर में सब अच्छाच होता."

पायरीवर चाळिशीची एक तेलुगू बाई बसली होती. अफझलगंजला फुलं विकायची. नदीकाठची तिची झोपडी महिन्यापूर्वीच पाडली होती. ती म्हणाली, "मेरा तोड़े सो मैं मुफत में देखी. टिकट लेके फिर कायकू देखना?"

दुसऱ्या दिवसापासून बदली घरासाठीच्या तिच्या अर्जांची पिशवी घेऊन मामा कचेऱ्या पालथ्या घालू लागले. टेबलासमोरच्या त्यांच्या येरझाऱ्या थांबाव्यात म्हणूनच कारकून शिक्के मारत असावेत. आठ महिन्यांनी तिला एक खोली मिळाली. त्या दिवशी मामा मला म्हणाले, "अरे, आता मी रोज कुठं जाऊ?"

"तिलाच विचारा."

त्यांनी खरंच विचारलं. ती म्हणाली, "इधरिच आओ."

लग्नाला घरचा असा मी एकटाच. "दादानं नाव घालवलं," म्हणून आई सहा वर्षं त्यांच्याकडे फिरकली नाही. मामा मात्र प्रत्येक सणाला यायचे, दारातूनच "ये ना गं एकदा, तुझी वहिनी वाट बघते," म्हणायचे आणि उत्तराआधी निघायचे.

मामा गेले, तेव्हा आई पहिल्यांदा त्या खोलीत आली. मामी भिंतीला टेकून बसली होती. आई तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, "वहिनी, काही खाल्लंत का?"

ते ऐकायला तेवढे मामा हवे होते.