शंभर हातांची टेकडी

शुद्धलेखन चुकलं असेल आणि अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. पण ही एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे, म्हणून लिहिते.

परवा नातीच्या कॉलेजच्या पुस्तकात एक रेषा पाहिली. मध्ये उंच, दोन्हीकडे सारखी उतरत गेलेली. याला प्रसामान्य वितरण म्हणतात, असं ती म्हणाली. मला हसू आलं. एकोणीसशे साठ साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हा रहिमतपुरात ही टेकडी मी चिंचोक्यांनी रचली होती.

तेव्हा मी नुकतीच बांगड्या विकायला लागले होते. भांडवलाचे शंभर रुपये थोरल्या जाऊबाईंचे, त्यांच्या मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले. वैशाखात लग्न. त्याआधी पैसे फिटले नाहीत तर टोपली खाली ठेवायची आणि पुन्हा लोकांच्या रानात भांगलायला जायचं, असं ठरलं होतं. मला बोलायची फार लाज. बांगड्या भरताना खाली मान घालून हात धरला की झालं, म्हणून हा धंदा बरा वाटला.

सांगलीच्या व्यापाऱ्यानं सगळ्यांत लहान दोन-दोनपासून सगळ्यांत मोठ्या दोन-दहापर्यंत पाचही मापांच्या सारख्याच बांगड्या दिल्या. "गिऱ्हाईक काय माप सांगून येतंय का?" म्हणाला. मलाही ते पटलं. दोन बाजारांतच मधलं माप, दोन-सहा, संपलं. मग मी बायांच्या हातांत लहान माप दामटायला लागले. भरताना फुटलेल्या बांगडीचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. ते नुकसान माझं.

"आवं, सोडा की! हात हाय का लाकूड?" एक बाई ओरडली.

जाऊबाई शेजारीच बसल्या होत्या. "इकती हायस का फोडती हायस गं? माझं पैसं चाललं त्या काचंत!"

त्या दिवसापासून मी हातागणिक एक चिंचोका बाजूला टाकू लागले, प्रत्येक मापाचा ढीग वेगळा. शंभर हात झाल्यावर ढीग मापाच्या क्रमानं ओळीत लावून मोजले. आठ, तेवीस, अडतीस, चोवीस, सात. साताऱ्याच्या बाजारात पुन्हा शंभर मोजले. आकडे एक-दोनानं हलले, टेकडी तीच. पुढचा हात कोणत्या मापाचा येईल, ते मला तेव्हाही सांगता येत नव्हतं, आजही येत नाही. पुढच्या शंभर हातांचं मात्र सांगता येत होतं. त्यातले पंच्याऐंशीच्या आसपास मधल्या तीन मापांत बसणार.

सांगलीला जाऊन मी त्या हिशोबानं माल मागितला.

"आन् टोकाच्या मापाचं गिऱ्हाईक आलं म्हंजे?" व्यापारी हसत म्हणाला.

"एकेका टोकाला शंभरात सात-आठ येणार. तेवढ्यांपुरत्या घेतल्यात."

माझा आवाज मलाच मोठा वाटला. त्यानं सांगितली तशी मापं काढून दिली.

त्यानंतर फूट जवळजवळ थांबली. टोपलीत एकाच मापाचं ओझं उरेना, पाचही मापं बरोबरच संपत आली. दर बाजाराला जाऊबाईंच्या हातात काही ना काही पडू लागलं.

लग्नाचा चुडा भरायला मीच बसले. मुलीची मनगटं काडीसारखी.

"हिच्या मापाच्या न्हाईत आनल्यास वाटतं," जाऊबाई म्हणाल्या.

मी टोपलीच्या तळातून दोन-दोनच्या बांगड्या काढल्या. हिरवा चुडा भरला, एकही बांगडी फुटली नाही. मग कनवटीचे शेवटचे अकरा रुपये जाऊबाईंच्या हातावर ठेवले. शंभरच्या शंभर फिटले.