एका स्वयंपाकघरातले दोन गॅस

घरावर कर्ज हवं असलं की बँक आधी मला धाडते. मी घर मोजते, फोटो काढते, किंमत ठरवून अहवाल देते. भिवंडीत हे काम करताना लोकांची उघडी कपाटं, खरकटी भांडी, रुसलेल्या सुना असं सगळं बघून झालंय. आईचा राग एवढाच, की घरी येऊन मी त्यातलं अवाक्षर काढत नाही. "एवढी घरं हिंडतेस आणि तोंडाला कुलूप!"

भिवंडीजवळच्या शेलार गावातल्या एका घराला वर मजला चढवायला कर्ज हवं होतं. दोन भावांचं एकत्र कुटुंब. स्वयंपाकघरात टेप लावली, तर ओट्याच्या दोन टोकांना दोन गॅस, मसाल्याचे डबेही दोन आणि मधे जुन्या साडीचा पडदा. चुली वेगळ्या झाल्या होत्या. थोरल्या जावेने माझा हातच धरला. "ताई, बँकेला काय लिवायचा हाय ता लिवा, पन गावान बोलू नका. माझे पोरीचा लगीन जमतंय. त्यांना एकत्र घरातलीच पोर पायजे."

अहवालात मी दोन्ही गॅस लिहिले, बाहेर बोलले नाही. आता ते भाऊ उघडपणे वेगवेगळ्या मजल्यांवर राहतात, म्हणून इथे लिहितेय.

ज्या मुलाशी त्या पोरीचं जमत होतं, नेमकी त्याची आई माझ्या आईची मैत्रीण निघाली. मी ते घर आतून पाहिलंय हे त्या मैत्रिणीला कुठून तरी कळलं आणि तिने आईला मला विचारायला सांगितलं. आई माझ्यापुढे येऊन बसली. "बोलू नकोस, नुसती मान हलव. घर एकत्र आहे ना?"

मी वांगी चिरत राहिले. हो म्हणणं खोटं होतं आणि नाही म्हटलं की लग्न मोडलं. "कुठल्याच घराचं मी सांगत नाही, तुला माहीत आहे," म्हटलं. आई आठवडाभर माझ्याशी जेवणापुरतं बोलली. मला वाईट वाटत होतं, पण त्या पोरीचं काय चुकलं होतं?

मग मैत्रीण मुलगी बघायला निघाली आणि आईलाही घेऊन गेली. पाणी पिण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात डोकावल्याशिवाय आई कुणाच्याच घरून परत येत नाही.

संध्याकाळी ती आली आणि साडी बदलून घडी घालत बसली. मलाच राहवेना.

"काय झालं?"

"पोरगी गुणाची आहे. काकीला हाक मारून बसवल्याशिवाय चहा ओतला नाही तिने. मी मैत्रिणीला म्हटलं, डोळे मिटून हो म्हण."

"आत गेली होतीस?"

"गेले होते की."

"मग? काय पाहिलंस?"

आईने माझ्याकडे असं पाहिलं, की भोचक मीच ठरले. "लोकांच्या घरातलं तुला गं कशाला हवंय?"

मी हसत सुटले. आई काही हसली नाही. पुढच्याच महिन्यात त्या पोरीला हळद लागली.