तोफेखालचं गवत

माझी जीभ पहिल्यापासून तिखट. राग नाकावर, आणि नाकही असं की रागाला ऐसपैस बसता यावं. मधे उंचवटा, टोकाशी डावीकडं कललेलं. मला बघायला आलेल्या बायकांनी आधी ह्या नाकाचीच चर्चा केली होती. अशा बाईनं दुष्काळाच्या वर्षी तोंडात मिठाची गुळणी धरली, आणि धरली ती नवऱ्याशी. ती गुळणी कशी सुटली ते सांगायचं तर लाओस नावाच्या देशातल्या तोफा सांगाव्या लागतात, त्याला माझा इलाज नाही.

हे लष्करात वायरलेसवर होते. सोलापुरात शुक्रवार पेठेत मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, तेलाचं आणि शेंगदाण्याचं दुकान होतं. दुकानामागच्या दोन खोल्यांत मामंजी, सासूबाई आणि मी. हे रजेला यायचे, घर आठ-पंधरा दिवस उजळायचं, की परत ट्रंक भरली.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी गेले, अक्कलकोटच्या पलीकडं. आठव्या महिन्यातच दुखायला लागलं आणि वडिलांनी मला जीपमधून सोलापूरच्या दवाखान्यात आणलं. मुलगी झाली. ती रडलीच नाही. मी शुद्धीवर आले तोवर सगळं उरकलं होतं. आईला तोंड दाखवू नका, जीव अडकतो, असं बायकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. माझी आई माझ्या उशाशी रडत होती, मामंजी पुढं जाऊन खड्ड्याचं बघत होते. हे तेव्हा रजेवर आलेले; नर्सनं फडक्यात गुंडाळून मुलगी ह्यांच्या हातात दिली आणि हे एकटे तिला घेऊन चालत गेले. म्हणजे माझ्या लेकीचं तोंड घरातल्या कुणी पाहिलं असलंच तर ह्यांनीच.

मी वाट बघत राहिले. आज सांगतील, उद्या सांगतील. कशी होती, गोरी होती का सावळी, केस होते का. हे काही बोलेनात. बोलायचं सोडाच, माझ्याकडं बघेनात. ताटात बघून जेवायचे आणि भिंतीकडं तोंड करून पडायचे. मला आतून नुसतं ओरबाडल्यासारखं व्हायचं. पण विचारायचं कुणी? मी म्हणायचे, तुम्ही पाहिलंत ना, मग तुम्हीच सांगा. आधी तुम्ही.

रजा संपायच्या आधीच हे म्हणाले की लाओसला जायचा हुकूम आलाय. तिथं एकाच देशातली माणसं एकमेकांशी लढत होती आणि देखरेखीला तीन देशांची मिळून एक तुकडी होती, त्यात आपलाही देश होता. हुकूम म्हटल्यावर मी गप्प बसले. मग ह्यांच्याच पलटणीतल्या एका शिपायाची बायको, कुर्डुवाडीची, एका लग्नात भेटली. बोलता बोलता म्हणाली, लई धीराचे की तुमचे मालक, नाव आपणहून दिलं. हुकूम कसला आणि काय कसलं! माझी कूस रिकामी झालेली, आणि ह्या माणसानं समुद्रापलीकडं पळायला स्वतः होऊन नाव दिलं होतं. त्या दिवसापासून मी ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. स्टेशनवर शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा डबा हातात दिला तोही मुकाट. गाडी सुटताना हे दारात उभे राहून येतो म्हणाले. मी सिग्नलकडं बघत राहिले. आज त्या सिग्नलचा मला इतका राग येतो की काय सांगू.

ह्यांची पत्रं यायला लागली. ती मामंजींच्या नावानं यायची आणि मराठीत असायची. आता मी शिकले होते कानडी शाळेत, सातवीपर्यंत. मराठी बोलायचे फाडफाड, पण वाचायला बसले की एकेक अक्षर चाचपडायचे. मराठी लिहायला तर मी पुढं मुलांच्या पाटीवर शिकले. उलट ह्यांच्या घरात सगळे कानडी बोलायचे, पण वाचता कुणालाच येत नव्हतं. त्यामुळं पत्र मामंजी वाचणार, तेही दुकानाच्या गादीवर बसून, गिऱ्हाइकांसमोर, खणखणीत आवाजात. मी मधल्या दाराआड उभी राहून ऐकायची. अशा पत्रात माणूस काय लिहिणार? हे तोफांचं लिहायचे.

थंडी सरता सरता तिथं लढाई थांबल्याचं ठरलं. थांबली म्हणजे काय, तर कागदावर थांबली. मोठ्या तोफा दोन्ही बाजूंनी मागं न्यायच्या आणि ह्यांच्या तुकडीनं जाऊन बघायचं, गेल्या का नाही. आमच्याकडं बंदूक नाही, असं ह्यांनी लिहिलं होतं, आमच्याकडं वही आणि दुर्बीण. एक बाजू म्हणायची आधी त्यांनी न्याव्यात, दुसरी म्हणायची आधी ह्यांनी. तेवढ्यासाठी दिवसच्या दिवस जायचे आणि मधल्या गावांवर गोळे पडायचे. कधी तोफ मागं नेल्याचं सांगायचे आणि ती बांबूच्या बेटात निघायची.

एका पत्रात गवताचं होतं. तोफ हलवली तरी खालचं गवत खोटं बोलत नाही. बरेच दिवस दडपलेलं गवत पिवळं पडतं, मग हळूहळू परत हिरवं होतं. तो रंग बघून तोफ कुठं उभी होती आणि हलवून किती दिवस झाले असतील ते ह्यांना ओळखता यायला लागलं होतं. ह्यांचे साहेब वहीत लिहायच्या आधी ह्यांना विचारायचे. मामंजींनी हे वाक्य दोनदा वाचलं. गादीवर बसलेला माणूस पोराच्या कौतुकानं केवढा फुगावा!

शुक्रवार पेठेला त्या तोफांचा नादच लागला. नळाला पाणी नाही, बाजारात जोंधळा नाही, आणि पावशेर तेलाला आलेला माणूस विचारायचा, हटल्या का तोफा? कोण म्हणायचं डोंगरावरच्यांचं खरं, कोण म्हणायचं राजाच्या बाजूचं खरं. एक रिटायर मास्तर रोज पेपर वाचून यायचे आणि वाद मिटवायचे, म्हणजे वाढवायचे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मी आत हंड्याच्या तळाचं पाणी गाळत बसलेली असायची आणि मनात म्हणायचे, गवत ओळखता काय, माझ्याकडं बघितलं असतंत तर माझ्यात काय पिवळं पडलंय तेही ओळखलं असतंत.

तरी पत्राची वाट बघायचे. खोटं कशाला बोलू? टपालवाल्याची सायकल कोपऱ्यावर वाजली की हातातलं काम टाकून मधल्या दाराआड यायचे. मामंजी प्रत्येक उत्तराच्या शेवटी विचारायचे, तुझं काय लिहू? मी म्हणायचे, काय नाही. सासूबाई कपाळावर हात मारायच्या. मला भीती एकच वाटायची. तिथं गोळे पडतात. ह्यांना काही झालं तर माझ्या मुलीचं तोंड त्यांच्याबरोबर जाईल, आणि मग जगात कुणालाच ते माहीत नसेल. ही भीती रोज असायची आणि रोज मी काय नाही म्हणायचे. हट्टी बाईचा हट्ट तिलाच खातो, हे मला कुणी शिकवायला नको.

उन्हाळा कडक लागला होता तेव्हा ते पत्र आलं. दुकानात चार-पाच माणसं होती. मामंजींनी चष्मा लावला, पाकीट फोडलं, कागद उलगडला. कागद उलटा करून बघितला. कुणीतरी वाकून म्हणालं की ही तर जिलबी पाडलीय. पत्र कानडीत होतं. मास्तरांना कानडी वाचता येत होतं. त्यांनी लगेच हात पुढं केला, इकडं द्या, मी वाचतो.

मामंजींनी कागदाची घडी घातली. "नगं मास्तर," ते म्हणाले. "हे सुनेचं पत्र हाय."

मग त्यांनी मला हाक मारली, घडी दारातून माझ्या हातात दिली आणि गिऱ्हाइकांकडं वळून शेंगदाण्याच्या भावाचं बोलायला लागले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ते पत्र न वाचता बसले होते. त्या माणसाचे मी पुढं जन्मभर पाय धरले असते तरी ते फिटलं नसतं.

ह्यांच्या तुकडीत विजापूरचा एक ड्रायव्हर होता. त्याच्याकडून हे तीन महिने कानडी अक्षरं शिकत होते, का ते त्याला न सांगता. सहा-सात ओळी होत्या. अक्षरं कशी, तर लहान पोरानं कोळशानं भिंतीवर काढावीत तशी. मी चुलीपुढं बसून वाचलं. लिहिलं होतं ते मराठीत असं:

"इथं रोज बघतो. आधी कुणी मागं घ्यायचं ह्यावरच माणसं मरतात. म्हणून मी आधी लिहितो. मी तिला बघितलं. वाटेत लिंबाखाली बसलो आणि फडकं उघडलं. नंतर तुझ्याकडं बघितलं की तीच दिसायची, म्हणून पळालो. माझं चुकलं. तिचं तोंड लिहायला एवढी अक्षरं मला येत नाहीत. आल्यावर सांगतो."

मी रडले. मुलगी गेली तेव्हा रडले नव्हते इतकी रडले. सासूबाई आल्या आणि पाठ चोळत बसल्या. मग म्हणाल्या की पोरगा खुशाल आहे एवढं तरी सांग. मी मानेनंच हो म्हटलं.

त्याच दिवशी मी उत्तर लिहिलं, कानडीत, मोठ्या अक्षरात, ह्यांना वाचता यावं म्हणून. पाकिटावरचा पत्ता मामंजींनी लिहिला, आत काय आहे विचारलं नाही. मी एवढंच लिहिलं होतं: माझंही चुकलं. लिहायचं शिकत बसू नका. जिवंत या आणि तोंडानं सांगा.

आणि त्यानंतर पत्रं थांबली. आधी पंधरा दिवस, मग महिना, मग दीड. मास्तरांनी पेपरमध्ये वाचलं की तिकडं कुठं कुठं पुन्हा गोळे पडले. दुकानातली माणसं माझ्या कानावर जाऊ नये म्हणून हळू बोलायची आणि त्या हळू बोलण्यानंच माझा जीव जायचा. माझं पत्र पोचलं का? त्यांनी वाचलं का? मी सिद्धेश्वराला म्हणत होते, मला मूल दिलं नाहीस, राहू दे, मला तिचं तोंड तरी दे. देवालाही मी दरडावूनच बोलायचे.

पाऊस आला. दोन वर्षांनी आला आणि बरा आला. आणि श्रावणातल्या एका सकाळी दुकानासमोर टांगा थांबला. हे खाली उतरले. उन्हानं रापलेले, गालफडं बसलेली, तीच ट्रंक. डोंगरातल्या चौकीवर अडकले होते, रस्ते वाहून गेले होते, टपाल तिथंच कुजलं. मामंजी हातातलं माप तसंच टाकून गादीवरून उठले. गिऱ्हाइकांनी घेरलं, हटल्या का हो तोफा? हे म्हणाले, काही हटल्या, काही अजून आहेत. ह्यांची नजर माणसांच्या खांद्यावरून मधल्या दाराकडं होती आणि दारात मी होते. ह्या वेळी मी कुठंही दुसरीकडं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी आपणहून सांगितलं की जावा दोघं, जाऊन या. कुठं ते त्या बोलल्या नाहीत. आमच्यात माणसाला पुरतात. लहान मुलांची जागा दफनभूमीच्या कडेला, ओढ्याच्या अंगाला. ती कुठं आहे ते मला तोवर माहीत नव्हतं. चालत गेलो. वाटेत एक लिंबाचं झाड लागलं. तिथं हे थांबले, खोडाला हात लावला आणि पुढं निघाले. 

ओढ्याकाठी सगळं हिरवंगार झालं होतं. दोन वर्षांची उपाशी जमीन, जिकडं बघावं तिकडं गुडघाभर गवत. हे म्हणाले, मी तिथं एक दगड ठेवला होता. पण दुष्काळी कामावर खडी फोडायला जिकडचा तिकडचा दगड गेला होता. हे इकडं गेले, तिकडं गेले. खाली बसून हातानं गवत बाजूला केलं. परत उठले, पावलं मोजली, परत बसले. परक्या मुलखात तोफ कुठं उभी होती ते गवताच्या रंगावरून सांगणारा हा माणूस, साहेब लोक ज्याला विचारून वहीत लिहायचे तो, त्याला स्वतःची लेक सापडेना. सगळं गवत एकसारखं हिरवं होतं. ती तोफ नव्हती. तिचं वजन ते काय असणार, गवत दडपायला!

हे तसेच गुडघ्यावर बसून राहिले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मला सापडत न्हाई, म्हणाले. इथंच होती. मला सापडत न्हाई.

मी त्यांच्याजवळ ओल्या गवतात बसले. माझं लुगडं भिजलं. किती महिने मी मनात तयार केलेली भांडणं होती, किती टोमणे होते, एकसुद्धा आठवेना.

"राहू द्या जागा," मी म्हणाले. "तोंड सांगा."

ह्यांनी डोळे पुसले. मग पहिल्यांदा, ती गेल्यापासून पहिल्यांदा, माझ्याकडं सरळ बघितलं. बराच वेळ बघत होते. मग हात वर करून एका बोटानं माझ्या नाकाचा उंचवटा दाखवला, हात न लावता.

"नाक तुजं होतं," हे म्हणाले. "असंच. डावीकडं कललेलं."

"आणि?" मी म्हणाले.