हातांनी बोलणारी बाई

बेंगळूरला सर्जापूर रोडवरच्या एका हॉस्पिटलात त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. दोघींच्याही हाताला मुंग्या येत होत्या. माझ्या कीबोर्डमुळे, त्यांच्या का, ते ठाऊक नव्हतं. साठीच्या, केसांत अबोलीचा गजरा, जन्मापासून ऐकू न येणाऱ्या. लेकीशी खुणांनी बोलता बोलता मधेच थांबायच्या, ओला हात झटकावा तसा उजवा हात झटकायच्या आणि पुन्हा बोलायला लागायच्या.

मला फोनवर मराठी बोलताना ऐकून लेक म्हणाली, "आम्हीपण मराठीच, अक्का. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरचेच." मग तिनेच सांगितलं, आईच्या मनगटातल्या नसेला जन्मतःच दोन फाटे आहेत. तिथे जागा कमी पडून ती नस दाबली जाते आणि बोटं बधिर होतात. "आज ऑपरेशन ठरवायचंय. हल्ली तिचे अर्धे शब्द मला कळतच नाहीत."

आपल्याबद्दल चाललंय हे त्यांनी ओळखलं. आधी कानाला, मग मनगटाला हात लावून त्या लेकीला काहीतरी म्हणाल्या.

"ती म्हणते, देवानं आधी कान बधिर केले, आता हात. मग मी बोलू कशानं?"



पुढे त्यांचे टाके निघाले त्या दिवशी मीही तपासणीला गेले होते. पट्टी सुटलेल्या हाताचं एकेक बोट त्यांनी अंगठ्याला टेकवून पाहिलं. मग दोन्ही हात असे सुटले की लेक बघतच राहिली.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

डोळे पुसत ती हसली. "इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं. मी स्वल्प, जरा थांब म्हणतेय, तर ऐकतच नाही!"