घोड्याचा खरारा

आमच्या हिंगणघाटच्या बाररूममध्ये शनिवारी एखाद्या वकिलाच्या आयुष्यावर बोलायची पद्धत आहे. माझी पाळी आली तेव्हा मी अमेरिकेतला एक वकील निवडला. तिथल्या यादवी युद्धात तो वकिली सोडून दक्षिणेच्या घोडदळात गेला. गुलामगिरी टिकवायला लढणारी ती बाजू. मला ते ठाऊक होतं. तरी मी तासभर त्याच्या घोड्यावर, तलवारीवर, छाप्यांवर रंगून बोललो. गुलामांवर एकच वाक्य, तेही 'त्या काळाच्या चौकटीत' असं. टाळ्या पडल्या.

माझ्या टेबलाला टेबल लावून बसणारा माझा मित्र वडनेरचा, बौद्ध. त्याच्या आज्याने मालगुजाराच्या तबेल्यात जन्म काढला, पण वाड्याच्या ओट्यावर त्याला पाय ठेवता आला नाही. हेही मला ठाऊक होतं.

चहा पिताना तो म्हणाला, "बोलला तू झकास. मले फक्त एक सांग, त्या घोड्याचा खरारा कोण करे?"

"असेल एखादा नोकर."

"नोकराले पगार राह्यते, वकीलसाहेब."

एरवी तो मला वकीलसाहेब म्हणत नाही.

ज्यावरून बोललो होतो ते त्याच्या चरित्राचं पुस्तक घरी पुन्हा उघडलं. घोड्याचा रंग होता, नाव होतं, जखमा होत्या. घोडा राखणाऱ्या मोतद्दाराला एक ओळ: मालकाचा गुलाम, मालकाबरोबर युद्धावर नेलेला. नाव नाही. ही ओळ मी आधी वाचली होती आणि गाळली होती. पक्षकाराला अडचणीचं ते बोलायचं नाही, ही आमची सवय. पण या माणसाचं वकीलपत्र मला दिलं कोणी? माझा मलाच संताप आला.

ती गाळलेली ओळ सांगायला बारच्या अध्यक्षांकडे पुढच्या शनिवारची दहा मिनिटं मागितली. ते हसले. "जाऊ द्या ना भाऊ. मेल्या माणसाचं वाईट आपण शोकसभेत तरी बोलतो काय?"

शोकसभा! तो मेला त्याला शंभर वर्षं उलटून गेली, आणि आम्ही अजून त्याची अब्रू सांभाळतोय. मोतद्दाराची शोकसभा कोण घेणार होतं?

मित्राला सांगितलं, आता कोणाची परवानगी विचारणार नाही, शनिवारी सरळ उभा राहतो, तू ये. फाइल बांधता बांधता तो म्हणाला, "मी काऊन येऊ? मले ते ठाऊक आहे. त्याईले सांग."

शनिवारी मी उभा राहिलो. अर्धे लोक चहाला उठून गेले. उरलेल्यांना मी ती ओळ वाचून दाखवली. कोणी टाळी वाजवली नाही. मित्राची खुर्ची रिकामीच होती.