पिंडाच्या उलट

एड्स आमच्या घरात नवीन नव्हता. नवरा त्यातच गेला आणि जाताना आजार मला देऊन गेला. मी गोळ्या चुकवत नव्हते, तरी गेल्या वर्षी माझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या घसरल्या, की साध्या तापानं पनवेलच्या हॉस्पिटलात आडवी झाले. सोबतीला सासू. सुकापूरहून डबा घेऊन यायची आणि कॉटशेजारी पथारी टाकायची.

राउंडला डॉक्टर म्हणाले, "शरीर स्वतःच्याच पेशी मारतंय. वाढल्या नाहीत तर पुढचा ताप झेपणार नाही. उद्या प्रतिपिंडं देऊन बघू."

झालं! अँटिबॉडीज म्हणायचं सोडून शुद्ध मराठी बोलायची हौस डॉक्टरांना भोवली.

"पिंड?" सासू ताडकन उठली. "माज्या पोराला दिलं तेवढं पुरं झायलं. जित्या सुनेला पिंड देता? लाज नाय वाटत तुमाला?"

दुसऱ्या दिवशी नर्स बाटली घेऊन आली, तर ही दारात आडवी. रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेलं औषध आहे, असं नर्सनं परोपरीनं सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. माझ्या तोंडात फोड आलेले, बोलणं जिवावर आलेलं. पण असा संताप आला! बाटली परत गेली तर खरोखरच माझं तेरावं घालावं लागेल, हे या बाईला कोण सांगणार?

"आई," मी ओरडले, "प्रति म्हणजे उलट. पिंडाच्या उलट असतं ते!"

शाळेतल्या मराठीच्या बाईंनी माझा कान पिळला असता. सासूनं मात्र बाटली नीट न्याहाळली आणि बाजूला झाली.

"मंग येकच का आनली?" ती नर्सवर डाफरली.

बाटल्या दोन दिवस चालल्या. हळूहळू पेशी वाढल्या, ताप उतरला आणि एका सकाळी डॉक्टर रिपोर्ट नाचवतच आले. घरी जा म्हणाले. मी जिंकले होते! शिट्टी मारावीशी वाटली. सगळ्या वॉर्डादेखत मारलीही.

सासूच्या हातातली पिशवी हिसकावून घेतली आणि स्वतःच्या पायांनी जिना उतरू लागले. अर्ध्यावर ती थांबली.

"माज्या पोराच्या येलेला ही बाटली व्हती का गो?"

असेलही. आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं. आजाराचं नाव घ्यायलाच लाजलो होतो.

"नव्हती," मी म्हणाले.

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

"नसंल. तू तर रायलीस."